मालरची नववी सिंफनी: लाइव्ह रेकॉर्डिंग पारखताना काय ऐकायचं?

खर्जषड्ज
कंडक्टर बर्नस्टाईनच्या १९७९च्या बर्लिन रेकॉर्डिंगबद्दलची चर्चा दुसऱ्या धाग्यावर 'ट्राँबोन चुकलेत, म्हणजे रेकॉर्डिंग बाद' इथवर येऊन थांबली. ते मत मला पटत नाही. एवढ्या मोठ्या कृतीचं लाइव्ह रेकॉर्डिंग कशावर तोलायचं हा प्रश्न स्वतंत्र धाग्याच्या तोलाचा आहे, म्हणून इथे मांडतोय.

आधी कृतीबद्दल थोडं. संगीतकार गुस्ताव मालरने नववी १९०९-१० मध्ये लिहिली. तो १८ मे १९११ला गेला आणि कंडक्टर ब्रूनो वाल्टरने ती व्हिएन्नात पहिल्यांदा सादर केली ती २६ जून १९१२ला. म्हणजे मालरने ही सिंफनी ऑर्केस्ट्राकडून कधी ऐकलीच नाही. आधीच्या सिंफन्यांत तो तालमीत ऐकून वाद्यांचे जोर बदलायचा, खुणा दुरुस्त करायचा. इथे ती पायरी राहून गेली, त्यामुळे कोणतं वाद्य किती पुढे हवं याचे बरेच निर्णय कंडक्टरवर येतात. रेकॉर्डिंग ऐकताना आपण हे निर्णय ऐकत असतो.

माझी पद्धत अशी. संपूर्ण सिंफनी ऐकण्याआधी पहिल्या मूव्हमेंटमधल्या (सिंफनीच्या चार भागांपैकी पहिल्यातल्या) तीन जागा ऐकतो. पहिली म्हणजे अगदी सुरुवात. चेलो एकच सूर अडखळत्या लयीत धरतात, चौथा हॉर्न त्याला उत्तर देतो, मग हार्प, मग वाद्याच्या रुंद तोंडात हात दाबून वाजवलेला हॉर्न, मग व्हायोलांची कुजबुज. हे पाच थर एकमेकांपासून वेगळे ऐकू यायला हवेत आणि तरीही एकाच खोलीत असल्यासारखे वाटायला हवेत. हार्प कानाशी आणि हॉर्न शेजारच्या इमारतीत, असं झालं तर जवळच्या मायक्रोफोनांचं मिश्रण बिघडलंय असं समजावं.

दुसरी जागा ३०८व्या बारच्या (बार म्हणजे लिखित संगीतातला तालाचा एक कप्पा) पुढची. मूव्हमेंट ४५४ बारांची आहे, म्हणजे साधारण दोन तृतीयांश वाटेवर. सुरुवातीची तीच अडखळती लय इथे ट्राँबोन सगळ्या ताकदीनिशी फेकतात, सोबत टॅमटॅम, म्हणजे मोठ्या तासासारखी थाळी. इथे आवाज 'मोठा' झाला पाहिजे, 'जाड' नाही. रेडिओच्या अनेक फितींवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं यंत्र) नेमका इथे पकडतो. ट्राँबोन आले की तंतुवाद्यं मागे ढकलली जातात आणि ट्राँबोन थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने हॉलची गुंज फुगून वर येते. ही फुगणारी गुंज ऐकू आली, तर त्या रेकॉर्डिंगातल्या पुढच्या कुठल्याही चढउतारावर भरवसा ठेवू नका.

तिसरी जागा त्यानंतरची अंत्ययात्रा, घंटांसकट. मालरने तीन खोल घंटा मागितल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी नळीच्या घंटा वाजवतात, त्यांचा आवाज वरच्या सप्तकात जातो आणि देवळातल्या घंटेऐवजी घड्याळाचा टोला वाटतो. हा दोष अभियंत्याचा नाही, वाद्याच्या निवडीचा आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

दुसऱ्या मूव्हमेंटवर मी फार वेळ घालवत नाही. लेंडलर नाचाचा जडपणा आणि मधल्या वॉल्ट्झचा वेग यांत फरक जाणवतो की नाही, एवढं पाहिलं तरी पुरतं. तिसरी आणि चौथी यावर इतरांनी लिहावं.

पार्टिचूर
ट्राँबोनचा मुद्दा आधी निकालात काढू या. जागा शेवटच्या अदाजोमधला, म्हणजे संथ चौथ्या मूव्हमेंटमधला, ११८वा बार. मूव्हमेंट एकूण १८५ बारांची, हा तिचा सर्वोच्च बिंदू. बर्नस्टाईनच्या त्या रेकॉर्डिंगात ट्राँबोन इथे वाजतच नाहीत. हा किरकोळ घसरलेला सूर नाही, एक अख्खा विभाग गैरहजर आहे. शिखरावर पोहोचल्यावर मधली भिंत नसल्यासारखं वाटतं, वर व्हायोलिन आणि खाली आधार, मध्ये पोकळी. स्कोअर (सगळ्या वाद्यांची लिखित स्वरलिपी) समोर नसतानाही ते जाणवतं, म्हणून 'कुणाला कळतंय' असं म्हणणं चुकीचं ठरेल.

तरीही 'बाद' म्हणणं मलाही मान्य नाही. त्याचं कारण भावनिक नाही. बर्नस्टाईनने बर्लिन फिलहार्मोनिकचं संचालन आयुष्यात फक्त त्या ऑक्टोबरमध्ये केलं, ४ आणि ५ तारखेला. ही फीत बाजारात आली ती १९९२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यामुळे तुकडा पुन्हा वाजवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. दस्तऐवज म्हणून ती जशी आहे तशी घ्यावी लागते. प्रश्न एवढाच राहतो की त्या पोकळीच्या आधी आणि नंतर काय घडतं. लगेच पुढे बाकी सगळे थांबतात आणि पहिली व्हायोलिन एकटीच उंच सूर धरून राहतात. त्या सुरात ढिलाई आली असती, तर मी म्हटलं असतं की ऑर्केस्ट्रा हादरला. तशी ती येत नाही. सूर ताणलेलाच राहतो, धनुष्य बदलताना जोर पडत नाही. चुकीनंतरचे दहा बार कसे जातात, यावर मी लाइव्ह रेकॉर्डिंगाला गुण देतो.

मैफलीच्या रेकॉर्डिंगात मध्येच तबल्यावर हातोडी पडते, तंबोरा पुन्हा जुळवला जातो, त्याला आपण दोष मानत नाही. पण हे साम्य इथे पूर्ण लागू करू नका. ख्यालात गायक त्या क्षणी दुसरी वाट घेऊ शकतो. इथे स्कोअर ठरलेला आहे, न वाजलेला सूर न वाजलेलाच राहतो. दोष मोजायचा, फक्त त्याचं वजन योग्य ठेवायचं.

नवा_श्रोता
अगदी प्राथमिक प्रश्न. आवाज किती ठेवायचा? सुरुवात ऐकू यावी म्हणून वाढवला की वीस मिनिटांनी शेजारी दार वाजवतील असं होतं. आणि शेवटची पाच मिनिटं पंख्याच्या आवाजात बुडून जातात. हेडफोन हाच उपाय का?

रीळ_आणि_फीत
@नवा_श्रोता, प्रश्न प्राथमिक आहे, पण निम्म्या चुकीच्या मतांचं मूळ तिथेच असतं.

आवाज सुरुवातीवरून लावू नका. खर्जषड्ज यांनी सांगितलेली ३०८व्या बारची जागा आधी लावा, तुमच्या खोलीत सहन होईल इतका जास्तीत जास्त आवाज तिथे ठेवा आणि मग मागे जाऊन सुरुवातीपासून ऐका. ८०-९० मिनिटं बटणाला हात लावायचा नाही. चालू पंख्याच्या खोलीत ४० डेसिबलच्या खालचं फारसं काही उरत नाही, आणि या सिंफनीचं शेवटचं पान नेमकं तिथे राहतं. पंखा बंद, फ्रिज असलेल्या खोलीपासून दूर, रात्री अकरानंतर. कानाभोवती बंद बसणारे हेडफोन चालतील, पण हॉलची रुंदी आणि मागचं अंतर त्यांत नीट कळत नाही. म्हणून तोल पारखायला स्पीकर, आणि खोकला, जोड, घरघर शोधायला हेडफोन, अशी वाटणी करा.

अॅपवरून ऐकत असाल तर आवाज आपोआप एकसारखा करणारी सोय बंद करा. ती प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे मोजत असेल, तर शांत अदाजो वर उचलला जातो आणि त्याआधीची गोंगाटी रोंडो-बुर्लेस्क (तिसरी मूव्हमेंट) खाली येते. मालरने ठेवलेला दोघांमधला फरक तुमच्या फोनने पुसलेला असतो आणि दोष मिळतो कंडक्टरला.

आता 'लाइव्ह' या शब्दाबद्दल. आवरणावर दोन-तीन तारखा असतील तर तेवढ्या संध्याकाळी मिळून एक रेकॉर्डिंग तयार झालेलं असतं. बऱ्याचदा त्यात श्रोते गेल्यानंतर रिकाम्या हॉलमध्ये वाजवून घेतलेले तुकडेही असतात. त्यात फसवणूक काही नाही, पण आपण काय ऐकतोय ते माहीत असावं. ओळखायचं कसं? भरलेल्या हॉलपेक्षा रिकाम्या हॉलची गुंज लांबते, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमध्ये भरलेल्या हॉलची गुंज साधारण दोन सेकंद, रिकाम्याची तीनच्या जवळ. तेव्हा जिथे सगळे एकदम थांबतात अशा जागा शोधा आणि गुंज किती वेळ टिकते ते तीन-चार ठिकाणी मोजा. एका ठिकाणी ती एकदम लांब निघाली आणि त्या तुकड्यात खोकला, खुर्चीची करकर, काहीच नसेल, तर तो तुकडा बहुधा मागाहून आलाय.

दुसरी खूण म्हणजे पार्श्वभूमीची सळसळ. तिचा पोत जोडाच्या जागी बदलतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (ध्वनीच्या कंपनसंख्यांचं चित्र) उघडा आणि शांत जागा मोठ्या करून पाहा. वातानुकूलनाच्या गुणगुणीची आडवी रेघ मध्येच तुटून वेगळ्या उंचीवर सुरू झाली, तर तिथे कात्री लागली आहे. तिसरी खूण, अर्धवट कापलेला खोकला. सुरुवात ऐकू येते आणि शेपूट नसतं.

कंडक्टर काराजानची १९८२ची बर्लिन आवृत्ती याच कानांनी ऐका. त्याने नववी नुकतीच स्टुडिओत केलेली होती, तरी पुन्हा महोत्सवातली लाइव्ह प्रसिद्ध केली. डिजिटल असल्याने फितीची सळसळ नाही, त्यामुळे हॉलची स्वतःची शांतता उघडी पडते. काही जणांना तिथला वरचा भाग कडक वाटतो, मलाही पितळी वाद्यांवर तसा वाटतो. पण अदाजोमधली तंतुवाद्यांची घनता फार थोड्या लाइव्ह फितींवर मिळते.

खर्जषड्ज
ट्रॅक स्वतंत्र मोजला जाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. 'अदाजो फार पुढे रेकॉर्ड केलाय' अशा अनेक तक्रारींचं उत्तर त्यात असावं. याच मुद्द्याचा एक उपयोग सांगतो. एकाच रेकॉर्डिंगाच्या दोन आवृत्त्या असतील, जुनी सीडी आणि नवं रीमास्टर, तर दोन्हींत शिखर आणि शेवटचं पान यांच्या पातळीतला फरक डेसिबलमध्ये मोजा. नव्यात तो कमी निघाला, तर मूळ चढउतार दाबले आहेत, मग आवरणावर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी_व्हायोलिन
तंतुवाद्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या मूव्हमेंटची मुख्य धून पहिली व्हायोलिन सुरू करत नाहीत, दुसरी करतात. पहिली नंतर येऊन तिच्याभोवती गुंफतात. जुन्या पद्धतीत पहिली डावीकडे आणि दुसरी उजवीकडे समोरासमोर बसत, तेव्हा हा संवाद डोळ्यांना दिसायचा आणि कानांना दोन बाजूंनी ऐकू यायचा. दोन्ही डावीकडे बसवली की एकच जाड व्हायोलिन ऐकू येते. कंडक्टर कुबेलिक बव्हेरियन रेडिओच्या ऑर्केस्ट्राला समोरासमोर बसवायचा. त्याची १९७५ची टोकियोतली लाइव्ह फीत याच कारणासाठी ऐकण्यासारखी आहे. आवाजाची श्रीमंती बर्लिनची नाही, पण कोण कुणाला उत्तर देतंय ते समजतं. हेडफोनवर पहिल्या दोन मिनिटांत धून कुठल्या कानात सुरू होते ते पाहा, आसनव्यवस्था लगेच कळेल. मोनो रेकॉर्डिंगात अर्थात हे शक्य नाही.

अदाजोच्या सुरुवातीला व्हायोलिन एकटी आहेत, खाली आधार नाही. इथे तीस वादकांचा एक सूर हवा, पण एका वादकाचा नाही. फार जवळ मायक्रोफोन असेल तर पुढच्या दोन-तीन वादकांचा कंप वेगळा ऐकू येतो आणि तीस माणसांची चौकडी होते. त्यानंतर पूर्ण विभाग आला की मधली घनता कोण देतंय तेही ऐका. व्हायोला आणि दुसरी व्हायोलिन तिथे भरपूर काम करत असतात. रेकॉर्डिंगात फक्त वरची ओळ आणि बास ऐकू येत असतील तर अदाजोचा अर्धा जीव गेला.

थोडं पुढे अगदी उलट जागा आहे. खाली कॉन्ट्राबासून (खूप खालच्या सुरांचं फुंकवाद्य), वर खूप उंचावर पहिली व्हायोलिन, मध्ये जवळजवळ रिकामं. ही विरळ जागा अभियंत्याने आवाज वाढवून 'भरली' असेल तर कॉन्ट्राबासूनच्या चाव्यांची खटखट ऐकू येते. खटखट ऐकू येणं म्हणजे तपशील नव्हे.

लयीबद्दल एक. वाल्टरचा १९३८चा अदाजो सुमारे १८ मिनिटांचा, बर्नस्टाईनचा बर्लिनमधला २६च्या आसपास, आणि त्याचाच १९८५चा ॲमस्टरडॅममधला साडेएकोणतीसच्या घरात. तेच १८५ बार. इतक्या संथ लयीत एका धनुष्यात ओळ मावत नाही, ते मध्ये बदलावं लागतं. चांगला विभाग हे बदल वेगवेगळ्या क्षणी करतो, म्हणून ओळ तुटत नाही. सगळ्यांनी एकदम बदललं तर प्रत्येक बारला एक हलका खळगा ऐकू येतो. संथ अदाजो पारखताना मिनिटं मोजू नका, हे खळगे मोजा.

पार्टिचूर
सहमत, एक भर घालून. रोंडो-बुर्लेस्कमध्ये उलटी कसोटी लावा. तिथे चार-पाच ओळी एकाच वेळी भांडत असतात आणि लाइव्हमध्ये कुठेतरी घसरतंच. शेवटच्या प्रेस्टोत (अतिवेगवान भागात) सगळे एकत्र पोहोचले का, एवढंच बघू नका. मध्ये ट्रंपेट जी शांत, लांब धून घेतो, तिच्यातलं वळण पुढे अदाजोचा पायाच होणार असतं. ई-फ्लॅट क्लॅरिनेट त्याच वळणाची थट्टा करतं. ट्रंपेट नुसता गोड आणि क्लॅरिनेट नुसतं कर्कश वाजलं, तर कंडक्टरला पुढचं दिसत नव्हतं असं मी म्हणेन. दोन्ही ऐकताना एकच आकृती ओळखू आली पाहिजे.

नवा_श्रोता
वाल्टरच्या १९३८चा उल्लेख सारखा येतोय. त्याच्या निदान चार आवृत्त्या सापडतात आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. कुठली घ्यायची?

वीस_बाजू
नाव सुचवण्यापेक्षा तपासायचं कसं ते सांगतो, कारण नव्या आवृत्त्या निघतच राहणार.

ही मैफल १६ जानेवारी १९३८ची, म्युझिकफेराइनमधली, व्हिएन्ना फिलहार्मोनिक. फ्रेड गाइसबर्गने एचएमव्हीसाठी नोंदवली. दोन महिन्यांनी ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला. वाल्टरला आणि कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख) आर्नोल्ड रोझे याला देश सोडावा लागला. रोझे हा मालरचा मेहुणा. या सिंफनीचं हे पहिलं रेकॉर्डिंग, दहा तबकड्या, वीस बाजू. एका बाजूवर सरासरी साडेतीन मिनिटं.

पहिली तपासणी जोडांची. तबकडीच्या आतल्या कड्यांवर उंच ध्वनी मंदावतात, कारण तिथे सुईखालून खोबणी हळू सरकते. त्यामुळे दर साडेतीन-चार मिनिटांनी आवाज हळूहळू मळतो आणि नवी बाजू सुरू होताच एकदम उजळतो. चांगल्या आवृत्तीत हा फरक भरून काढलेला असतो. वाईट आवृत्तीत जोडाच्या जागी लयही अडखळते, एखादी मात्रा आखूड होते किंवा लांबते. पायाने ताल देत ऐका, पाय चुकला की जोड सापडला.

दुसरी गतीची. नाममात्र ७८ म्हणजे मिनिटाला ७८च्या आसपास फेरे. कुणी ८०वर फिरवली तर सूर ४० सेंटच्या आसपास चढतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि ७० मिनिटांतलं दीड-पावणेदोन मिनिट गायब होतं. मोबाइलवरच्या ट्यूनरवर सुरुवातीच्या चेलोंचा 'ए' मोजा आणि मग अदाजोच्या शेवटचा डी-फ्लॅट मोजा. दोन्हींतला फरक स्वरांतराच्या हिशेबाने जुळत नसेल, तर बाजूंच्या गती एकसारख्या केलेल्या नाहीत. 'वाल्टर वेगवान होता' हे खरंच आहे, पण त्यात ट्रान्स्फरचा (तबकडीवरून नव्या आवृत्तीत उतरवण्याचा) वाटा किती, हे आधी वेगळं काढा.

तिसरी खरखर काढण्याची. अगदी स्वच्छ आवृत्ती दिसली तर सावध व्हा. हार्पचा सूर विझताना ऐका. शेपूट पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडत असेल किंवा एकदम कापल्यासारखं संपत असेल, तर खरखरीबरोबर हॉलसुद्धा पुसला गेलाय. थोडी खरखर ठेवलेली आवृत्ती मी नेहमी पसंत करतो. कान पाच मिनिटांत तिच्यापलीकडे जातात, पुसलेला हॉल मात्र परत येत नाही.

वादनाबद्दल एवढंच की रोंडोत बरीच पडझड आहे. तिला सध्याच्या मापाने गुण देऊ नका, पण 'ऐतिहासिक आहे' म्हणून माफही करू नका. पहिल्या मूव्हमेंटमध्ये सूर एकातून दुसऱ्यात सरकवत नेण्याची जी पद्धत ऐकू येते, ती मालरच्या हाताखाली वाजवलेल्या वादकांची आहे. नंतर कुणी ती तशी वाजवलेली नाही. वाल्टरचं स्वतःचं १९६१चं स्टिरिओ रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं की हे लगेच कळतं. तिथे सगळं स्वच्छ आहे आणि ती सरक बरीच ओसरलेली आहे.

रीळ_आणि_फीत
ट्यूनरची युक्ती उत्तम. फक्त एक जपा: चेलोंचा पहिला सूर खूप हळू असतो, खरखरीत ट्यूनर भरकटतो. त्याऐवजी दीडएक मिनिटानंतरची मोकळी जागा घ्या.

नवा_श्रोता
शेवटच्या पानाबद्दल कुणी सांगाल का? टाळ्या ठेवलेल्या बऱ्या की कापलेल्या?

दुसरी_व्हायोलिन
शेवटचे २७ बार, १५९ ते १८५. फक्त तंतुवाद्यं, लय अदाजिसिमो (अतिसंथ), आणि अखेरीस मालरची खूण 'एर्स्टेर्बेंड', म्हणजे विझत जाणारं. इथे तीन गोष्टी ऐका. ब्रिजवर (तारांखालच्या घोडीवर) म्यूट (आवाज दाबणारा चिमटा) लावलेला आवाज खरंच म्यूटचा आहे का? त्याला थोडी घोगरी, बंद चव असते. नुसत्या हळू वाजवण्यात ती येत नाही. पुष्कळ रेकॉर्डिंगांत आवाज इतका उचललेला असतो की ही चवच जाते. दुसरं, थांबे. दोन आकृत्यांच्या मधली शांतता खोलीची असावी, डिजिटल शून्याची नसावी. श्वास, कपड्यांची सळसळ हे तिथे असायलाच हवं. तिसरं, व्हायोलांची शेवटची छोटी आकृती. तिला 'निरोप' म्हणून फुगवलं की ती कोसळते. बाकीच्यांच्या धरलेल्या सुरांत ती जेमतेम हलली पाहिजे.

टाळ्यांबद्दल. कंडक्टर आबादोच्या २०१०च्या लुसर्न मैफलीत शेवटच्या सुरानंतर दोन मिनिटांहून जास्त कुणी हलत नाही. ती शांतता कापली असती तर शेवटचा सूर कुठे संपला हेच कळलं नसतं, कारण तो हवेत नाही, लोकांत संपतो. म्हणून मी म्हणेन, टाळ्या कापायच्या तर कापा, पण त्याआधीची शांतता पूर्ण ठेवा. शेवटच्या सुरानंतर तीन सेकंदांत फेड-आउट झालेली फाइल मी पुन्हा लावत नाही.

पार्टिचूर
+१. आणि कान खरा लावून घ्यायचा असेल तर मुंबईत एनसीपीएला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनला एखादी मोठी कृती प्रत्यक्ष ऐका. कार्यक्रमपत्रिकेत मालर नसला तरी चालेल, ब्रुकनर किंवा ब्राम्सही पुरे. तीन ट्राँबोन खऱ्या हवेत वाजतात तेव्हा तंतुवाद्यं किती झाकली जातात, हे एकदा कळलं की घरी बर्नस्टाईनचा ११८वा बार ऐकताना नेमकं काय कमी आहे ते मोजता येईल.